४७ मेल आणि शंभरचा बॉन्ड

फर्मकडून पहिला नकाराचा मेल आला तेव्हा मी बार्शीला घरीच होते. आप्पांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मग अपील कर की. मुदत किती दिवसांची आहे?"

आप्पा स्टॅम्प वेंडर आहेत, कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसतात, गेली तीसेक वर्षं. त्यांच्या दुनियेत कुठलाही 'नाही' शेवटचा नसतो, तहसीलदार नाही म्हणाले तर प्रांत, प्रांत नाही म्हणाले तर त्याच्या वर अजून कोणीतरी. मी त्यांना समजावलं की आप्पा हे कोर्ट नाही, लॉ फर्म आहे, त्यांनी नाही म्हटलं की संपलं, आणि मुळात मी नोकरी नाही मागितली, चार आठवड्यांची बिनपगारी इंटर्नशिप मागितलीय. तर ते म्हणाले, फुकट काम करायलाही नाही म्हणतात? यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

थोडं मागे जाते. मी २०१८ ला सीईटी देऊन पुण्यात पाच वर्षांच्या लॉला अ‍ॅडमिशन घेतलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर अकरावी-बारावी आर्ट्स. दुसरं वर्ष संपत आलं आणि मार्च २०२० ला कोविड आला, मग ते वर्ष आणि तिसरं वर्ष बरंचसं घरच्या माळवदावर मोबाईल घेऊन गेलं, कारण रेंज तिथेच यायची. अभ्यास कशावर, तर सिनियर्सच्या झेरॉक्स नोट्सवर. त्या नोट्सचं पुढे काय झालं ते सांगतेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे सगळं चालतं कसं. बार कौन्सिलच्या नियमाने पाच वर्षांच्या कोर्सला निदान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते, ती मोठ्या फर्ममध्येच हवी असं नाही, तालुक्याच्या वकिलाकडे केली तरी चालते. पण मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये नोकरी पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी. या फर्म कॅम्पसला जातात त्या मुख्यतः नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत आणि मोजक्या नावाजलेल्या कॉलेजांत. बाकीच्यांना एकच दार, आधी इंटर्नशिप मिळवा, मग जमलं तर चौथ्या-पाचव्या वर्षात असेसमेंट इंटर्नशिप, म्हणजे महिनाभर तुम्हाला कामाला लावून बघतात, आणि आवडलात तर पीपीओ, म्हणजे डिग्री हातात यायच्या आधीच नोकरी. आणि ती पहिली इंटर्नशिप मिळवायची कशी, तर फर्मच्या वेबसाईटवर एक आयडी असतो, त्यावर सीव्ही आणि कव्हर लेटर पाठवायचं, आणि वाट बघायची.

मी ऑगस्ट २०२१ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत ४७ मेल पाठवले. उत्तरं आली सहा. त्यातले पाच नकार, तेही एकाच साच्यातले, तुमचा सीव्ही आम्ही फाईलला ठेवतो आहोत वगैरे. एक इंटरव्ह्यू. बाकी ४१ ठिकाणी काहीच नाही, म्हणजे मेल पोचला की विहिरीत पडला तेही कळायला मार्ग नाही.

नकार आला तर निदान रडता येतं हो. काहीच आलं नाही की डोकं स्वतःच उत्तर लिहायला बसतं. मी एक एक्सेल शीट केली होती, फर्मचं नाव, तारीख, उत्तर, आणि चौथा कॉलम 'कारण'. आता कोणी कारण सांगितलंच नव्हतं, तर तो कॉलम भरायचे मीच, रात्री साडेअकराला वगैरे. 'इंग्लिश.' 'कॉलेज.' 'बार्शी.' 'घरात कोणी वकील नाही.' 'फोटो लावायला नको होता.' एका ओळीत तर नुसतं 'मी' असं लिहिलंय. नंतर कधीतरी ते वाचताना हसू आलं पण तेव्हा मी ते अगदी सिरीयसली टाईप केलेलं आहे.

खरी कारणं समोर होती ती काही मी लिहिली नाहीत. उदाहरणार्थ माझं कव्हर लेटर, जे मी नेटवरून उचललं होतं, त्याचं पहिलंच वाक्य 'आय अ‍ॅम डीपली पॅशनेट अबाउट कॉर्पोरेट लॉ', आणि मी तोपर्यंत एक शेअर परचेस अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कंपनीचे शेअर विकत घेण्याचा करार, डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. शिवाय नरिमन पॉइंटच्या एका फर्मला मी लोअर परळच्या फर्मचं नाव घालून पत्र पाठवलं. पाठवल्यावर दोन मिनिटांनी कळलं. मग माफीचा दुसरा मेल, आणि त्या माफीच्या मेलला अटॅचमेंट तीच जुनी. त्या दिवशी जेवण गेलं नाही. रूममेट म्हणाली अगं सगळे करतात, मी म्हटलं सगळ्यांचं माहीत नाही, मी दोनदा केलंय.

तो जो एक इंटरव्ह्यू आला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये, झूमवर. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मी घरी आले होते, आईने शेजारच्यांना जाऊन सांगितलं की दोन वाजता मिक्सर लावू नका. मी वर कुर्ता, खाली पायजमा, मागे आईची चादर टांगलेली. समोर दोघं होते. सीव्हीत मी आवडीचा विषय म्हणून आयबीसी, म्हणजे दिवाळखोरीचा कायदा, लिहिला होता कारण सगळे तो लिहितात. तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कंपनीविरुद्ध अर्ज करायचा तर थकबाकी किमान किती पाहिजे? मी एकदम आत्मविश्वासाने सांगितलं, एक लाख. नोट्समध्ये लिहिलेलं होतं ना. समोरचे सर दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, मार्च २०२० ला काय झालं माहितीय का? मी म्हटलं, लॉकडाऊन.

ते हसले. आणि खरं तर उत्तर अगदीच चूक नव्हतं, लॉकडाऊन लागत होता त्याच सुमारास, २४ मार्चला, सरकारने ती मर्यादा एक लाखावरून एक कोटी केली होती. मला ते माहीतच नव्हतं, कारण माझ्या सिनियरने त्या नोट्स २०१९ मध्ये काढलेल्या. पुढे मी 'लीएन' (कर्जापोटी मालमत्तेवरचा हक्क) हा शब्द 'लायेन' असा उच्चारला आणि सरांनी त्यांच्या पुढच्या वाक्यात तो हळूच बरोबर उच्चारून दाखवला. आता गंमत बघा, शंभरपट चूक मी आकड्यात केली, पण त्या रात्री एक्सेलमध्ये कारण काय लिहिलं? 'उच्चार.' वर तीन महिने मी यूट्यूबवर इंग्लिश उच्चारांचे व्हिडिओ बघत बसले. आयबीसीचा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे मूळ कायद्याचं पुस्तक, नवीन आणला का? नाही आणला.

मग मे-जून २०२२ ची असेसमेंट इंटर्नशिप मिळाली, फोर्टमधल्या एका फर्ममध्ये. कशी मिळाली तर ४७ मेलमधून नाही, कॉलेजचा एक सिनियर तिथे होता, त्याने माझा सीव्ही आत दिला. हे सांगायला मला अजूनही थोडं कसंतरी होतं पण खरं ते खरं. आणि मिळाल्याचा आनंद दोन दिवस, तिसऱ्या दिवसापासून नवीन भुंगा, ही माझ्या लायकीने मिळालेलीच नाही, तिथे गेल्यावर पहिल्या तासात त्यांना कळणार.

राहायला डोंबिवलीला मामाकडे. पहिले दोन दिवस मला लेडीज डब्यात चढताच आलं नाही, तीन-तीन गाड्या सोडल्या, तिसऱ्या दिवशी एका काकूंनी दंडाला धरून आत ओढलं. सीएसएमटीला उतरून डी. एन. रोडने चालत जायचे, ऑफिसला पोचेपर्यंत घामाने भिजलेली आणि आत एसी असा की शाल आणायला पाहिजे. बाकीचे चार इंटर्न मोठ्या लॉ स्कूलचे. पहिल्या दिवशी एका असोसिएटने, म्हणजे फर्ममधल्या ज्युनियर वकिलाने, सांगितलं, याची रेडलाईन पाठव. मी 'शुअर' म्हटलं आणि वॉशरूममध्ये जाऊन मोबाईलवर शोधलं की रेडलाईन म्हणजे काय. जुन्या आणि नवीन मसुद्यातला फरक लाल रंगात दाखवायचा, एवढंच असतं ते. पण मला वाटलं बाकीचे हे आईच्या पोटातून शिकून आलेत. नंतर त्यातल्याच एकीने मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, तुला तो डेटा रूमचा (व्यवहाराची कागदपत्रं ऑनलाईन ठेवतात ती जागा) अ‍ॅक्सेस कसा घ्यायचा कळलं का गं, मला नाही कळलं, कोणाला सांगू नको.

जिच्याखाली मी काम करत होते ती असोसिएट फार कमी बोलायची. तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलायचं म्हणून मी आधी वाक्य मनात जुळवायचे, मग तिच्या टेबलापर्यंत जायचे, ती फोनवर असली तर परत यायचे, वाक्य विसरायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने मला मेमो, म्हणजे कायद्याच्या एका प्रश्नावरचं टिपण, लिहायला दिला. प्रश्न असा की एखाद्या करारावर पुरेशी स्टॅम्प ड्युटी भरलेली नसेल तर त्या करारातलं आर्बिट्रेशनचं कलम (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा, असं सांगणारं) चालतं का.

स्टॅम्प! मला वाटलं भगवंतानेच पाठवला हा विषय (आमच्या बार्शीचा देव). महाराष्ट्र स्टॅम्प अ‍ॅक्ट मी शाळेत असल्यापासून आप्पांच्या टेबलावर बघितलाय, कमी ड्युटीचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, तो जप्त होतो, ड्युटी आणि दरमहा दोन टक्के दंड भरला की सुटतो, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. मी दोन रात्री बसून अकरा पानं लिहिली. मुख्य आधार सुप्रीम कोर्टाचा गरवारे वॉल रोप्सचा एप्रिल २०१९ चा निकाल, की स्टॅम्प नसेल तर आर्बिट्रेशनच्या कलमावर कारवाई करता येत नाही आधी ड्युटी भरा. निष्कर्ष ठणठणीत. सबमिट केला आणि मामीला सांगितलं आज आईस्क्रीम आणते.

दुसऱ्या दिवशी तिने बोलावलं. मी उभी. तिने स्क्रीनवरून मान वर न करता म्हटलं, "अगं बस. हे रेफर झालंय, बघितलं नाहीस का?"

मराठीत. नाशिकची निघाली ती. तीन आठवडे मी मनात इंग्लिश वाक्यं जुळवत होते आणि बाई नाशिकची.

तर झालं असं होतं की जानेवारी २०२१ मध्ये, एन. एन. ग्लोबल नावाच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाच्याच तीन न्यायाधीशांनी गरवारेचं म्हणणं बरोबर नाही असं सांगून तो प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे पाठवला होता. म्हणजे माझा ठणठणीत निष्कर्ष ज्या खांबावर उभा होता तो खांबच वादात होता, आणि ते शोधायला डेटाबेसमध्ये एक क्लिक लागतो, हा निकाल नंतर कुठे-कुठे चर्चेला आला ते बघायचा. मी तो क्लिक केलाच नव्हता. स्टॅम्पचं मला सगळं येतं या गुर्मीत. परत तीच चूक, जुनी माहिती ताजी समजून देणं, एक लाख-एक कोटीसारखीच.

मी काहीतरी पुटपुटले की माझं इंग्लिश जरा, मराठी मीडियम, वगैरे. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "इंग्लिशचा काय संबंध? वाचायला सोपा आहे मेमो. हे क्लायंटला गेलं असतं तर मी मेले असते, प्रॉब्लेम तो आहे."

पीपीओ मिळाला नाही. जुलैत मेल आला. आधीच्या पाच मेलपेक्षा दोन ओळी जास्त होत्या, एवढाच फरक. त्याच आठवड्यात माझ्या रूममेटला तिच्या फर्मचा पीपीओ मिळाला. मी तिला मिठी मारली, खाली जाऊन पेढे आणले, आणि मग बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून अर्धा तास बसले. लोक म्हणतात मैत्रिणीच्या यशाचा आनंद वाटला पाहिजे. वाटला ना, पण ऑक्टोबरमध्ये. जुलैत नाही वाटला. त्या काळात मी लिंक्डइन मोबाईलवरून उडवलं, कारण रोज कोणीतरी 'थ्रिल्ड टू अनाउन्स' असायचंच, आणि ही गोष्ट मला कुठल्याही मोटिव्हेशनल व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडली. घरून काका-मामांचे फोन, आता जेएमएफसीचा (खालच्या कोर्टातल्या जजच्या परीक्षेचा) अभ्यास कर, जज हो, मुलींसाठी बरं असतं. मी हो म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

एक्सेल शीटचं सांगते. दिवाळीला घरी असताना मी 'कारण' हा कॉलम उडवला आणि त्या जागी 'त्यांनी काय सांगितलं' असा केला. ४७ पैकी ४१ ओळी कोऱ्या राहिल्या, पाचांत 'सीव्ही फाईलला', एकात 'आकडा चुकला'. खाली फोर्टची एक ओळ, 'रेफर झालेलं बघितलं नाही'. बस. सव्वा वर्षात मला माझ्याबद्दल लोकांनी सांगितलेल्या गोष्टी फक्त दोन होत्या, आणि दोन्ही एकच होत्या. बाकीचं सगळं माझंच लिखाण. म्हणून लगेच बरं वाटलं असं काही नाही हां, उलट थोडा रागच आला. पण तेव्हापासून एक सवय लावली, काहीही लिहिलं की पहिल्या पानावर वर लिहायचं, 'कायदा अमुक तारखेपर्यंत तपासला आहे.' ती ओळ लिहायची म्हणजे तपासावंच लागतं, नाहीतर खोटं लिहिल्यासारखं होतं. सिनियरच्या झेरॉक्स रद्दीत दिल्या. वजन साडेचार किलो भरलं.

पाचव्या वर्षात मोठ्या फर्मचा नाद कमी केला आणि पुण्यातल्या छोट्या, दहा-पंधरा लोकांच्या फर्म शोधल्या. मेल कमी, पण प्रत्यक्ष जाऊन. दोन ठिकाणी रिसेप्शनवरूनच परत. एका ठिकाणी जून २०२३ मध्ये, डिग्रीची परीक्षा झाल्या-झाल्या, सरांनी बसवलं आणि इंटरव्ह्यू न घेता समोर एक पिवळा पडलेला कागद सरकवला. वाच म्हणाले. १९७० च्या दशकातला फेरफार होता, तलाठ्याच्या हातचा. मी वाचला. नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलंय सर, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची नाही, भावांची नावं नंतर कुठे लागली ते बघावं लागेल. खाली एक नाव अ.पा.क., अज्ञान पालनकर्ता, असं लिहून आहे, म्हणजे तो तेव्हा अल्पवयीन होता. आणि इतर हक्कात कुळकायदा कलम ४३ ची नोंद आहे, म्हणजे परवानगीशिवाय विकायला बंदी, ती उठवल्याशिवाय विकली असेल तर खरेदीखतच अडचणीत. सर म्हणाले, हे कॉलेजात शिकवतात? मी म्हटलं नाही, कोर्टासमोर.

पण थांबा, लगेच घेतलं नाही त्यांनी. जागा नाही म्हणाले. सप्टेंबरमध्ये फोन आला, कोणीतरी सोडून गेलं होतं. महिना १८ हजार. मोठ्या फर्मवाल्या मैत्रिणी वर्षाला लाखांचे दोन आकडी आकडे बोलतात तिथे हे. तरी मी हो म्हटलं, आणि त्या रात्री नीट झोप लागली.

मग सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, धावपळ, फी भरली ती हजारांत (पुढच्याच वर्षी, ३० जुलै २०२४ ला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जनरलला साडेसातशेच्या वर घेता येत नाही, पण आधी भरलेले काही परत मिळायचे नव्हते, असो). १० डिसेंबर २०२३ ला बार एक्झाम दिली. आणि बरोबर तीन दिवसांनी, १३ तारखेला, माझ्या त्या मेमोचा शेवटचा अंक आला. खरं तर मधला अंकही झाला होता, एप्रिल २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की स्टॅम्प नसलेला आर्बिट्रेशनचा करार चालत नाही, म्हणजे गरवारे बरोबर, म्हणजे मी बरोबर! मी नाशिकच्या ताईला मेसेजही टाकला होता, तिने फक्त हसण्याची इमोजी पाठवली. तर डिसेंबरमध्ये सात न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला, स्टॅम्प नसणं हा दुरुस्त होणारा दोष आहे, त्याने करार रद्दबातल होत नाही, ते आर्बिट्रेटर बघेल. म्हणजे मी चुकले, मग बरोबर ठरले, मग परत चुकले, आणि या सगळ्यात माझा हात कुठेच नाही. आप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ड्युटी तर भरावीच लागते ना शेवटी? हो म्हटलं. मग झालं, म्हणाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन गोष्टी एकत्र झाल्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की शहरातल्या ज्युनियरला महिना निदान २०,००० द्यावेत, माझा पगार तेव्हा नुकताच २२ झाला होता. आणि सरकारने शंभरचा बॉन्ड, म्हणजे स्टॅम्प पेपर, बंद करून पाचशेचा केला, तर आप्पांच्या टेबलावर रोज भांडणं, गिऱ्हाईक त्यांनाच बोलतंय जणू त्यांनीच भाव वाढवला.

आता आमच्या ऑफिसला इंटर्नशिपचा मेल आयडी माझ्याकडे आहे. आधी मी ठरवलं होतं की प्रत्येकाला उत्तर देईन, निदान 'नाही' तरी. एक महिना दिलं. मग एका जमीन खरेदीचं ड्यू डिलिजन्स, म्हणजे घेण्याआधी सगळी कागदपत्रं तपासायचं काम, आलं, तीस वर्षांचा सर्च, तीन गट नंबर, आणि इनबॉक्समध्ये १३० मेल न वाचलेले. वाचले तेव्हा त्यातल्या बऱ्याच मुलांच्या तारखा उलटूनही गेल्या होत्या. आणि निवड कशी करतो तेही सांगते. आमच्याकडे इंटर्नसाठी खुर्च्या दोन. त्या भरलेल्या असल्या की सीव्ही कितीही भारी असो, बघतच नाही. रिकाम्या असल्या की वरचे सात-आठ उघडतो. मी पाठवलेल्या ४७ मध्ये कितींच्या खुर्च्या भरलेल्या होत्या कोण जाणे, आणि मी इकडे 'बार्शी' टाईप करत होते.

गेल्या गुरुवारी एक मेल आला, उदगीरच्या मुलाचा, पुण्यात तिसऱ्या वर्षाला. पत्रात आमच्याऐवजी दुसऱ्याच फर्मचं नाव. चार मिनिटांनी माफीचा मेल, अटॅचमेंट तीच जुनी. एक खुर्ची रिकामी होती. सरांना विचारलं, ते म्हणाले वाचता येतं का त्याला सातबारा, मी म्हटलं विचारते. विचारलं, तर म्हणाला येत नाही मॅडम, पण रविवारपर्यंत शिकतो. सोमवारी येतोय. प्रिंटरशेजारी बसवावं लागेल, तिथला फॅन आवाज करतो.